गार केलं, शांत केलं नाही

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती? उकळत्या पाण्यानं माझ्या डाव्या हाताची कातडी दोनदा गेलेली आहे. तेजाबाच्या वाफेनं लागलेला खोकला अजून जात नाही. यात गंमत कोणती, ते त्यांनीच माझ्या दुकानावर येऊन दाखवावं. तरी लिहितो, कारण मला राग आलेला आहे आणि तो कुठं तरी ठेवायला पाहिजे. मी चौथी पास, देवगाव रंगारीच्या शाळेतून. पाचवीत नाव घातलं होतं, पण पुस्तक हातात येण्याआधीच मला शहरात धाडलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघून घ्या. शब्द मात्र माझेच राहू द्या.

मी रेडिएटरचा मिस्त्री. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन चाललं की तापतं. त्याच्या अंगातून पाणी फिरवायचं, ते तापलेलं पाणी गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यात आणायचं, जाळीतून वारा गेला की पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. लोकांना वाटतं पाणी गार करतं. पाणी काही करत नाही. पाणी हमाल आहे. इथली उष्णता उचलायची, तिथं नेऊन टाकायची. टाकायला जागा पाहिजे, ती जागा म्हणजे जाळी. एवढंच शास्त्र, आणि एवढ्याच शास्त्रावर मी बावन्न वर्षं काढली.

आमची जाळी तांब्याची, वरखालच्या टाक्या पितळेच्या. फुटली की झाळायची, म्हणजे कथील वितळवून भेग बुजवायची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं क्षार धरला की टाकी उघडून एकेका नळीत पट्टी घालून खरवडायची. मग हवा भरून हौदात बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथं पुन्हा डाग द्यायचा. अशी जाळी गाडीच्या मालकापेक्षा जास्त जगायची. आता अॅल्युमिनियमच्या जाळ्या आल्या, त्यांना प्लास्टिकच्या टाक्या. फुटली की फेका. झाळता येत नाही, उघडता येत नाही. शिकलेल्या माणसांनी केलेलं आहे हे. दुरुस्त होऊ नये अशी वस्तू बनवायला फार शिकावं लागत असणार. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

हा धंदा मला रशीद उस्तादांनी शिकवला. मोंढा नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. कन्नडचा घाट चढून आलेले मालट्रक दारात वाफा सोडत उभे राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून एका तापलेल्या जाळीची टोपी उघडली. उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं. उस्तादांनी आधी माझा हात हौदात खुपसला आणि मग शिव्या घातल्या. "अरे दीवाने, हात नक्को लगा, कान लगा! बोल रई ना वो अब्भी? चुप हुए बाद खोल!"

तापलेली जाळी बोलते. आत बुडबुड करते, टोपीखाली सूं सूं करते. तिचा आवाज थांबला की समजायचं, आता हात लावायला हरकत नाही. म्हणून आमच्यात 'गाडी गार झाली का' असं कुणी विचारत नाही. 'शांत झाली का' असं विचारतात. शांत म्हणजे गार, गार म्हणजे शांत. बावन्न वर्षं मी हा शब्द असाच वापरला, आणि याच शब्दानं मागच्या उन्हाळ्यात मला तोंडावर पाडलं.

साळवे डायवर माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं मालट्रक चालवला. त्याचा कान असा, की फुलंब्रीच्या अलीकडं आवाज बदलला तर "पंपाचं बेअरिंग चाललं" म्हणून सांगायचा, आणि मी खोललं की तेच निघायचं. पुढं शुगरनं त्याचे डोळे गेले. बायको आधीच गेलेली. एकुलती पोरगी, प्रज्ञा. वाळूजला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. बाप दोनदा चक्कर येऊन पडला तेव्हा ती नोकरी सोडून मुकुंदवाडीच्या घरी बसली. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा.

बापाला रोज पेपर वाचून दाखवता दाखवता तिचा आवाज तयार झाला. मग तिला कळलं, की आंधळ्या लेकरांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात भरून घेणारी एक संस्था आहे. काम घरी बसून करायचं. बापाला सोडून जायची गरज नाही. तिला यापेक्षा बरं काम मिळणार नव्हतं. तिनं जुने सुटे भाग जमवले, स्वतःच्या हातानं कम्प्युटर जोडला, माइक लावला आणि नमुना पाठवला. नमुना परत आला. तुमचा आवाज छान आहे, पण मागं सारखी भणभण येते. दुसऱ्यांदा पाठवला, परत आला. तिसरा नमुना सोमवारी दुपारपर्यंत पाठवा, तो शेवटचा, असं त्यांनी कळवलं.

मंगळवारी ती माझ्या दुकानावर आली. "मिस्त्री काका, आबांनी बोलवलंय. माझं यंत्र तापतंय."

गेलो. एप्रिलचा महिना, पत्र्याखाली भट्टी. साळवे खाटेवर बसला होता. "जय भीम, कारभारी. ऐक ही भुंगेरी, सारखी भणभणती."

"जय भीम," म्हणालो (कारभारी हे माझं नाव, साळवे तसंच बोलवतो) आणि कान लावला. त्या डब्यात एक चिप असते, आगपेटीच्या निम्मी. ती तापते. तिच्या डोक्यावर चिमुकला पंखा असतो. चिप जितकी तापेल तितका पंखा पळतो, आणि चिमुकला पंखा जोरात पळाला की कण्हतो, किंचाळतो. प्रज्ञा वाचायला लागली की मागं ते चालू. पंखा काढला तर चिप जळणार.

"दुकानदार म्हणाला, पाण्यावरचा संच मिळतो, त्यानं आवाज जातो," प्रज्ञा म्हणाली. "पण तो माझ्या या जुन्या डब्यात बसत नाही, सगळं नवंच घ्या म्हणाला. आबा म्हणाले, पाण्याचं काम हाय तर कारभारीला विचार. काका, एवढं शांत करून द्या."

"देतो," मी म्हणालो. "त्यात काय!"

आधी तो संच तरी बघावा म्हणून मी तिला घेऊन त्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारवा. काउंटरवरच्या माणसानं माझ्या पायातल्या चपलेपासून वर बघत आणलं.

"बाबा, हे ट्रकचं काम नाही. इथं पाणी सांडलं तर सगळं जळून खाक होतं."

"मग तुम्ही देता त्या संचात काय दूध भरता का?"

तो हसला. मला बघून नाही, प्रज्ञाला बघून हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. असं कुणाकडूनही करून घेऊ नका."

कुणाकडूनही. तो शब्द माझ्या कानशिलात बसला. मी तो संच हातात घेतला. जाळी अॅल्युमिनियमची, पाणी आत कायमचं बंद, उघडायला पेच नाही.

"हे बिघडलं तर?"

"नवीन घ्यायचं."

"आणि हे?"

"फेकायचं, बाबा."

मी तिथं काय काय बोललो ते अंकात छापण्यासारखं नाही. प्रज्ञानं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुकानावर येऊन मी कामाला लागलो. जुन्या जीपगाड्यांत हीटर असायचा, त्याच्या आत वहीएवढी छोटी जाळी असते, शुद्ध तांब्याची. आपल्या इकडं हीटर कोण लावतो? म्हणून ती जाळी नव्यासारखी निघाली. चिपवर बसवायला तांब्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीत कानसून नागमोडी पाट केला, दुसरी वर ठेवून कडेनं झाळली, पाणी यायला-जायला दोन नळ्या बसवल्या. पाणी ढकलायला कूलरचा पंप घेतला. वाऱ्याला एका गाडीचा बॅटरीवरचा पंखा लावला. पाणी बॅटरीचं घेतलं, म्हणजे क्षार नको. जाळी तांब्याची तर चिपवरची पट्टीही तांब्याचीच पाहिजे. तांबं आणि अॅल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत, एक दुसऱ्याला खातं. हे त्या काचेच्या दारातल्याला विचारा, बघू सांगतो का.

सगळं जोडून हौदात बुडवून तपासलं. मग दिवसभर खाली पेपर अंथरून पाणी फिरवत ठेवलं. पेपरावर एक थेंब नाही. कुणाकडूनही म्हणे!

शुक्रवारी ते घेऊन साळवेच्या घरी गेलो. चिपला उष्णता पुढं सरकवणारा थोडा मलम लावला, पट्टी ठेवली, चार पेच कोनाकोनानं थोडे थोडे आवळले, जसं इंजिनाचं हेड आवळतात. एकच बाजू आधी आवळली तर चिप चिरडते. चालू केलं. तासाभरानं पट्टीला बोट लावलं.

"बघ," मी प्रज्ञाला म्हणालो. "हात लाव. या पत्र्याखाली याच्यापेक्षा गार होतच नाही. झालं का शांत?"

तिनं हात लावला. काही बोलली असती तरी ऐकू आलं नसतं. पंखा घोंघावत होता, पंप टेबलाला धरून गुरगुरत होता, नळीत बुडबुडे वाजत होते.

खाटेवरून साळवे ओरडला, "कारभारी, पिठाची गिरणी टाकली का रं घरात? दळण कुणाचं घ्यायचं?"

प्रज्ञानं बटण बंद केलं. खोलीत एकदम सुनं झालं. ती अगदी हळू म्हणाली, "काका, मी शांत म्हणाले होते. गार नाही."

इथं मी जे केलं ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. चूक माझी होती आणि मी तिच्यावर ओरडलो. "मग आधी नीट मराठी बोलायचं! चार दिवस माझे फुकट घालवले!" चार दिवस माझे नव्हतेच. तिचे होते. सोमवार तिचा होता.

साळवे हसायचा थांबला. "मिस्त्री," तो म्हणाला. कारभारी नाही, मिस्त्री. "मराठी तिचं बरोबर हाय. तिचं कामच ते हाय. तुझा कान चुकला. तुझ्या उस्तादानं काय शिकवलं होतं तुला? तूच सांगायचा ना मला, चहा पिता पिता?"

हात नको, कान लाव. मी मात्र चार दिवस नुसता हातच लावला होता. उठून निघावं असं वाटलं. पण निघालो असतो तर तो काचेच्या दारातला खरा ठरला असता, आणि ते मला मेल्यावरसुद्धा चाललं नसतं.

"चालू कर गं पुन्हा," मी म्हणालो. "साळवे, तू ऐक. सांग कुठं काय वाजतंय."

साळवेनं मान तिरपी केली, जशी तो स्टिअरिंगवर करायचा. "तीन आवाज हायेत. एक पंखा, तो तर येड्यालाबी कळंल. दुसरा घुमतोय, तो पंपाचा नाय, टेबलाचा हाय. पंप टेबलाला वाजवतोय. आन तिसरा गुळगुळ, तुझ्या नळीत हवा धरलीय. घाटात जाळी अर्धी रिकामी झाली की असंच वाजतं."

तीनही बरोबर. डोळे असलेला मी तिथंच उभा होतो.

शनिवारी एकेक केलं. गाडीचा पंखा काढून फेकला. फेकला म्हणजे दुकानात ठेवला, मी फेकत नाही. त्याच्या जागी मोठ्या पात्याचा, सावकाश फिरणारा पंखा लावला. मोठं पातं हळू फिरलं तरी वारा तेवढाच सरकवतं, फक्त बोंबलत नाही. माणसांतही असंच असतं म्हणतात, मला लागू नाही. कूलरच्या पंपाऐवजी मासे पाळायच्या काचेच्या टाकीतला पंप आणला, तो एका बरणीत बुडवला, आणि बरणीखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. आता पंप हलला तरी टेबलाला कळत नव्हतं.

हवेनं मात्र दमवलं. नळी हलवा, झटका, बुडबुडा कुठं तरी बसलेलाच. मग डोक्यात आलं. आपल्या शहरात जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीवर जागोजाग उंच बंबे बांधलेत. लोक त्यांना मिनार समजून फोटो काढतात. ते पाण्यातली हवा वर सुटावी म्हणून बांधलेत. बांधणाऱ्यांना हे शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं, मला शनिवारी दुपारी कळलं. मी ती बरणी उचलून सगळ्यात उंच जागी, भिंतीवरच्या फळीवर नेऊन ठेवली, खाली ट्यूबचे तुकडे तसेच. अर्ध्या तासात सगळे बुडबुडे वर चढून तिच्यात सुटले. गुळगुळ गेली.

रविवारी सकाळी पुन्हा तिघंही त्या खोलीत. प्रज्ञानं बटण दाबलं. साळवेनं मान तिरपी केली आणि वाट बघत बसला. बऱ्याच वेळानं वैतागला.

"अगं, कर की चालू!"

"आबा, चालूच हाय."

"खोटं नको बोलू."

तिनं त्याचा हात धरून जाळीपाशी नेला. तिथून येणारा कोमट वारा त्याच्या बोटांना लागला. तीस वर्षांत माझ्या कामावर त्यानं शेरा मारला नाही असं पहिल्यांदाच झालं.

मग प्रज्ञानं खिडकी लावली, माइक जवळ घेतला, पुस्तक उघडलं. आम्हा दोघांना बोटानं गप्प बसायला सांगितलं. पुस्तक पाचवीचं होतं. ते मला आधी ठाऊक नव्हतं, तिनं वरचं नाव वाचलं तेव्हा कळलं. जे पुस्तक माझ्या हातात आलंच नाही, ते ती वाचत होती. धडा उष्णतेचा होता. मी बसलो होतो, घामानं सदरा अंगाला चिकटला होता, खोलीत तिच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. आणि ती वाचत आली, की तांबे हे उष्णतेचे सुवाहक आहे.

सुवाहक. जे बावन्न वर्षं माझ्या हातात होतं, ज्यानं माझी कातडी नेली, माझं घर चालवलं, त्याला इतकं चांगलं नाव होतं, आणि ते पाचवीतल्या लेकरांना सांगतात. मला कुणी सांगितलं नाही. एकदम सगळं वर आलं, तो काचेच्या दारातला, ती फेकायची जाळी, ते 'कुणाकडूनही', आणि माझ्या तोंडातून निघून गेलं:

"व्हय! तेच तर बोंबलून सांगतोय मी!"

साळवेनं कपाळावर हात मारला. प्रज्ञानं पुस्तक मिटलं, बोट मधेच ठेवून. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, "काका, यंत्र शांत झालं. आता तेवढे तुम्ही व्हा."

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो, उन्हात. गल्लीत एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आला, त्याला हातानंच थांबवला. तो म्हणाला, "काय झालं चाचा, कुणी गेलं काय?" मी तोंडावर बोट ठेवलं. तो रिक्षा बंद करून ढकलत घेऊन गेला. तासभर मी एक शब्द बोललो नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

सोमवारी दुपारच्या आत नमुना गेला आणि पास झाला. पाचवीचं पुस्तक पूर्ण झालं, आता ती सहावीत आहे. मी गुरुवारी जाळीवरची धूळ झटकायला जातो आणि धडा ऐकून येतो, ओट्यावर बसून, दार लोटलेलं ठेवून. माझा तिथंही भरवसा नाही, म्हणते.

तिच्यावर ओरडलो त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. मागायला गेलो की तिसरंच काही तरी बोलून बसतो. ती वाचते म्हणून इथं लिहितो: तुझं मराठी बरोबर होतं, बाई. कान माझा चुकला.

त्या काचेच्या दारातल्यानं परवा माझ्याकडं एक गिऱ्हाईक धाडलं. त्या गिऱ्हाइकाचा तो पाण्याचा संच फुटला होता, आणि नवा घ्यायची त्याची ऐपत नव्हती. मी त्याला हाकलणार होतो. नाही हाकललं. तांब्याची जाळी करून दिली आणि सांगितलं, बिघडली तर इथंच आण, फेकायची नाही.

माझा आवाज आला तो खराब झालेला नमुना प्रज्ञा पुसून टाकणार होती. साळवेनं पुसू दिला नाही. कुणी घरी आलं की तो आवर्जून लावायला लावतो आणि माझी फजिती करतो. करू दे. माझ्या कामाबद्दल ज्याला शंका असेल त्यानं मुकुंदवाडीला जाऊन तेच ऐकावं. प्रज्ञा वाचत येते, तांबे हे उष्णतेचे सुवाहक आहे, आणि मग माझं ते "व्हय" येतं. त्याच्या मागं कान लावून ऐका. काहीच नाही.